जुना संगणक, घरचा सर्व्हर : पुनर्वापराचे अर्थशास्त्र

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीला दिले जाणारे नियमित साहाय्य थांबविले. जगभरातील कोट्यवधी संगणक तोपर्यंत याच प्रणालीवर चालत होते. त्यांपैकी अनेकांवर नवी 'विंडोज ११' चालत नाही. कारण तिला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. या निर्णयामुळे सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या बाजार-विश्लेषण संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच वर्तविला होता. काही काळापुरती वाढीव सुरक्षा-सेवा घेण्याची सोय ठेवण्यात आली असली, तरी तिने हा प्रश्न केवळ पुढे ढकलला जातो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक मूलभूत भेद दिसून येतो. वापरामुळे यंत्राची झीज होते आणि त्याचे मूल्य घटते, हा घसारा होय. यंत्र सुस्थितीत असूनही तंत्रज्ञान किंवा बाजार पुढे गेल्यामुळे ते निरुपयोगी ठरते, हे अप्रचलन होय. १३ ऑक्टोबरला जो संगणक ज्या वेगाने आकडेमोड करीत होता, तो १५ ऑक्टोबरलाही त्याच वेगाने करीत होता. त्याचे भौतिक आयुष्य शिल्लक होते. संपले ते आर्थिक आयुष्य. अशा संगणकाला दुसरे काम देता येईल काय, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे त्याचे घरगुती वेब सर्व्हरमध्ये रूपांतर करणे. हे उत्तर कितपत किफायतशीर आहे, त्यात कोणत्या अडचणी येतात आणि सार्वजनिक धोरणाशी त्याचा काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संगणकाचे शहर, संगणकाच्या कचऱ्याचेही

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी बंगळुरूइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. १९७८ मध्ये कर्नाटक शासनाच्या 'केऑनिक्स' या महामंडळाने शहराच्या दक्षिणेस इलेक्ट्रॉनिक्स सिटीची उभारणी सुरू केली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी येथे आली आणि उपग्रहाच्या साहाय्याने तिने आपले काम परदेशातील कार्यालयांशी जोडले. १९९१ नंतर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेने निर्यातदार कंपन्यांना संदेशवहनाच्या सुविधा मिळाल्या आणि शहराचा विस्तार झपाट्याने झाला.

जेथे संगणकांची खरेदी मोठी, तेथे त्यांची निवृत्तीही मोठी असते. कंपन्या काही वर्षांच्या ठरावीक चक्राने आपले संगणक बदलतात. अशा यंत्रांना बंगळुरूमध्ये साधारणतः दोन वाटा फुटतात. एक वाट जाते सादर पत्रप्पा रस्त्यावरील, म्हणजेच सर्वांना 'एस. पी. रोड' या नावाने परिचित असलेल्या बाजारात. तेथील दाटीवाटीच्या दुकानांत वापरलेले संगणक, सुटे भाग, मेमरी आणि हार्डडिस्क यांची खरेदी-विक्री व दुरुस्ती होते. दुसरी वाट ई-कचऱ्याची. शहराबाहेर दोबासपेट औद्योगिक क्षेत्रात 'ई-परिसरा' हा प्रकल्प सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झाला. शासनमान्य पद्धतीने ई-कचऱ्यावर प्रक्रिया करणारा देशातील हा पहिला प्रकल्प मानला जातो. या दोन अधिकृत-अनधिकृत व्यवस्थांच्या मध्ये आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे मालकाच्या घरातच त्या यंत्राला नवे काम मिळणे.

वेब सर्व्हर म्हणजे काय?

'सर्व्हर' म्हटले की वातानुकूलित दालनातील कपाटांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः सर्व्हर हे यंत्राचे नाव नसून कामाचे नाव आहे. दुसऱ्या संगणकाने मागितलेली माहिती शोधून ती त्याला पाठविणारा कोणताही संगणक सर्व्हर होय. मागणी करणाऱ्या संगणकाला 'क्लायंट' म्हणतात. एखादे संकेतस्थळ उघडले जाते, तेव्हा आपला संगणक किंवा मोबाईल क्लायंट असतो आणि ज्या यंत्रावर ती पाने साठविलेली असतात तो वेब सर्व्हर.

जगातील पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळील 'सर्न' या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत चालविला. तो 'नेक्स्ट' कंपनीचा टेबलावर ठेवण्याजोगा संगणक होता. हे यंत्र सर्व्हर असून ते बंद करू नये, अशी सूचना लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटविलेली होती. आजच्या सामान्य मोबाईलच्या तुलनेत त्याची क्षमता अत्यल्प होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यामुळे कोणाचीही परवानगी न घेता, कोणतेही शुल्क न भरता, कोणीही सर्व्हर चालवू शकेल अशी स्थिती निर्माण झाली. इंटरनेटच्या मूळ आखणीत प्रत्येक संगणक पाठविणाराही होता आणि घेणाराही.

प्रत्यक्षात पुढील काळात बहुसंख्य घरे केवळ घेणारी राहिली. लिहिलेला मजकूर, छायाचित्रे आणि संवाद मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर साठू लागले. या सोयीची किंमत अनेकदा उशिरा कळते. भारतात अतिशय लोकप्रिय असलेले 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. लाखो लोकांनी विनामूल्य संकेतस्थळे थाटलेले 'जिओसिटीज' ऑक्टोबर २००९ मध्ये गुंडाळण्यात आले. आपला मजकूर दुसऱ्याच्या जागेत असेल, तर ती जागा किती काळ राहील हे मजकुराचा धनी ठरवू शकत नाही. घरच्या सर्व्हरचे महत्त्व येथे आहे.

उभारणीचे टप्पे

जुन्या संगणकाचा सर्व्हर करताना पहिला टप्पा तपासणीचा. आतील धूळ काढणे, पंखा फिरतो की नाही ते पाहणे, घड्याळाची वेळ राखणारा नाण्याच्या आकाराचा सेल बदलणे आणि हार्डडिस्कची प्रकृती तपासणे, ही कामे प्रथम करावी लागतात. जुन्या यंत्रात सर्वांत आधी निकामी होतो तो फिरत्या तबकडीचा हार्डडिस्क. त्यामुळे त्यावर एकमेव प्रत ठेवणे धोक्याचे असते. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असल्यास ती ताबडतोब काढून अधिकृत संकलन केंद्रात द्यावी लागते.

दुसरा टप्पा कार्यप्रणालीचा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये साध्या घरगुती संगणकावर लिनक्सचा प्रारंभ केला आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या साधनांसह ते जगभर पसरले. त्याचे शुल्क नसते. चित्रमय पडदा न बसविता केवळ आज्ञांच्या आधारे चालविल्यास ते अगदी कमी मेमरीतही काम करते. येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ या लोकप्रिय लिनक्स आवृत्तीने ३२ बिट संगणकांवर नव्याने बसविण्याची सोय बंद केली. म्हणजे अप्रचलन मुक्त सॉफ्टवेअरलाही चुकलेले नाही. ते फक्त बरेच उशिरा येते. ६४ बिट प्रोसेसर आणि दोन ते चार गिगाबाइट मेमरी असलेले यंत्र मात्र या कामास आजही पुरेसे आहे.

तिसऱ्या टप्प्यात 'अपाची' किंवा 'एन्जिनएक्स' यांसारखे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर बसवितात आणि राऊटरमध्ये त्या यंत्राला घरातील एक कायमचा अंतर्गत पत्ता ठरवून देतात. इतके झाले की घरातील कोणत्याही मोबाईलवर तो पत्ता टाकताच पान उघडते. बाहेरच्या जगासाठी ते खुले करायचे असल्यास राऊटरमधून विशिष्ट मार्ग मोकळा करणे, संकेतस्थळाचे नाव नोंदविणे आणि देवाणघेवाण कूटबद्ध करणारे प्रमाणपत्र घेणे आवश्यक असते. असे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा व्यवस्था २०१५ च्या अखेरीपासून विनामूल्य देते. '.इन' हे नाव २००५ पासून सर्वसामान्यांसाठी खुले झाले. २०१४ पासून '.भारत' या प्रत्ययाने देवनागरीतही नाव नोंदविता येते. हा सर्व व्याप कमी करण्यासाठी 'फ्रीडमबॉक्स' हा डेबियनवर आधारित तयार संच उपलब्ध आहे. एबेन मॉग्लेन या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये मांडलेल्या कल्पनेतून तो विकसित झाला.

बंगळुरूमध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा उपयोग केवळ हौशी अभियंत्यांपुरता राहिला नाही. सुदर्शन लेआउट या वस्तीत मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांनी 'आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर' चालविले. देणगीतून मिळालेल्या संगणकांवर लिनक्स बसवून वस्तीतील मुलांना तेथे संगणक शिकविला गेला. शुल्क नसलेले सॉफ्टवेअर आणि इतरांना नको असलेली यंत्रे यांच्या संयोगातून भांडवलाशिवायही संगणक-साक्षरतेची सोय होऊ शकते, हे त्यातून दिसले.

विजेचा हिशेब

जुना संगणक 'फुकट' असतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. संगणकाच्या खरेदीसाठी पूर्वी दिलेली रक्कम हा बुडीत खर्च असल्याने नव्या निर्णयात तिला स्थान नाही. भंगारात विकून आता जे मिळाले असते, तेवढाच त्याचा वैकल्पिक खर्च आणि तो सामान्यतः थोडा असतो. परंतु सर्व्हर चोवीस तास चालतो. त्यामुळे निर्णायक ठरतो तो चालू खर्च, म्हणजे वीज.

समजा, वीज प्रतियुनिट ७ रुपये दराने मिळते. मॉनिटर काढून ठेवलेला जुना डेस्कटॉप सरासरी ६० वॅट घेत असेल, तर त्याला दिवसाला १.४४ आणि वर्षाला सुमारे ५२६ युनिट लागतील. खर्च सुमारे ३,६८० रुपये. पडदा बंद ठेवलेला जुना लॅपटॉप १५ वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे १३१ युनिट आणि ९२० रुपये. हाताच्या पंजावर मावणारा एक-फलक संगणक ५ वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे ४४ युनिट आणि ३०७ रुपये.

आता असा नवा छोटा संगणक सर्व जोडणीसह ६,००० रुपयांना मिळतो असे धरू. डेस्कटॉपच्या जागी तो आणल्यास विजेवर वर्षाला सुमारे ३,३७० रुपये वाचतील आणि त्याची किंमत पावणेदोन वर्षांत वसूल होईल. लॅपटॉपच्या जागी आणल्यास मात्र वर्षाला केवळ ६१३ रुपये वाचतील आणि किंमत वसूल होण्यास जवळजवळ दहा वर्षे लागतील. येथील दर व किमती गृहीत धरलेल्या आहेत. प्रत्येकाने आपल्या बिलातील दर घालून हा हिशेब पुन्हा करावा. तथापि निष्कर्षाची दिशा बदलत नाही. चोवीस तासांच्या कामासाठी जुना डेस्कटॉप हा महागडा 'फुकट' संगणक ठरतो, तर जुना लॅपटॉप बहुधा फायद्याचा ठरतो. शिवाय चांगल्या स्थितीतील बॅटरी असल्यास वीज गेल्यावर लॅपटॉप काही काळ आपोआप चालू राहतो. डेस्कटॉपला त्यासाठी वेगळा यूपीएस लागतो.

या हिशेबात समाजाने सोसावयाचा खर्चही धरला पाहिजे. भारतातील वीजनिर्मितीत प्रतियुनिट सरासरी ०.७ किलोग्रॅमच्या आसपास कर्बवायू बाहेर पडतो. त्यामुळे वरील डेस्कटॉपमुळे वर्षाला सुमारे ३७० किलोग्रॅम, तर लॅपटॉपमुळे सुमारे ९० किलोग्रॅम उत्सर्जन होते. दुसऱ्या बाजूला, लॅपटॉपच्या संपूर्ण आयुष्यातील उत्सर्जनाचा मोठा भाग त्याच्या निर्मितीतच झालेला असतो. म्हणून कमी वीज घेणाऱ्या यंत्राचे आयुष्य वाढविणे पर्यावरणाच्या दृष्टीने हितकारक ठरते. जास्त वीज घेणाऱ्या यंत्राबाबत तसे म्हणता येत नाही.

किमतीच्या संकेतांचा मुद्दाही येथे येतो. कर्नाटकात २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'गृहज्योती' योजनेत दरमहा २०० युनिटपर्यंतच्या घरगुती वापराचे बिल शासन भरते. प्रत्येक ग्राहकाची मर्यादा त्याच्या २०२२-२३ मधील सरासरी वापरात १० टक्के भर घालून ठरविण्यात आली. मर्यादेच्या आत ग्राहकासाठी अधिक युनिटचा सीमांत खर्च शून्य असतो. मर्यादा ओलांडल्यास जादा युनिटचे पैसे भरावे लागतात आणि एकूण वापर २०० युनिटच्या वर गेल्यास संपूर्ण बिल भरावे लागते. दरमहा ४४ युनिट घेणारा डेस्कटॉप एखाद्या कुटुंबाला या रेषेपलीकडे सहज नेऊ शकतो. अनुदान रेषेच्या अलीकडे काटकसरीची प्रेरणा कमी करते आणि रेषेवर खर्चात एकदम उडी आणते, याचे हे घरगुती उदाहरण होय.

पत्त्याची टंचाई

यंत्र तयार आहे, वीज आहे, तरीही बाहेरच्या जगातून त्यापर्यंत पोहोचता येत नाही, असा अनुभव अनेक घरांत येतो. त्याचे कारण पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटचा जुना पत्ता, म्हणजे आयपीव्ही४, ३२ बिटचा असल्याने असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जागतिक पातळीवरील शिल्लक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागातील वाटपावर कडक मर्यादा आली. भारतात इंटरनेटचा खरा प्रसार त्यानंतर झाला. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला टंचाई आली, असे म्हणता येईल.

यावर उपाय म्हणून सेवा पुरविणाऱ्या कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. एखाद्या मोठ्या गृहसंकुलाला एकच टपाल पत्ता असावा आणि पत्रावर सदनिकेचा क्रमांक लिहिण्याची सोय नसावी, तशी ही स्थिती असते. आतून पाठविलेल्या पत्राचे उत्तर फाटकावरील पहारेकरी नोंदवहीत पाहून बरोबर पोहोचवतो. पण बाहेरून प्रथमच आलेले पत्र कोणाचे, हे त्याला कळत नाही. पान मागणाऱ्यांचे यात काही अडत नाही. पान देणाऱ्याचे मात्र सर्वच अडते. काही कंपन्या अधिक शुल्क घेऊन स्थिर सार्वजनिक पत्ता देतात. काहींच्या घरगुती करारात सर्व्हर चालविण्यास मनाई असते. म्हणून करार वाचणे आवश्यक ठरते.

दीर्घकालीन उपाय आयपीव्ही६ हा आहे. त्याचा पत्ता १२८ बिटचा असल्याने प्रत्येक घरातील प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता देता येतो. दूरसंचार विभागाने २०१० मध्ये आयपीव्ही६ च्या अवलंबाचा राष्ट्रीय आराखडा आणि २०१३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. २०१२ पासून देशांतर्गत पत्तेवाटपाचे काम 'इरिन' ही व्यवस्था पाहते; ती २००३ मध्ये स्थापन झालेल्या 'निक्सी' या संस्थेच्या अखत्यारीत आहे. आज भारत आयपीव्ही६ वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत गणला जातो. या पत्त्यांचा पुरवठा पुरेसा असला, तरी घरातील राऊटर बाहेरून येणारी मागणी सहसा अडवून धरतो. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. सर्व्हरसाठी त्यातून विचारपूर्वक मार्ग काढावा लागतो.

पाठविण्याच्या वेगाचा प्रश्न याला जोडून येतो. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट होता. २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला. ही मर्यादा आजही माहिती उतरवून घेण्याच्या वेगाची आहे. पाठविण्याच्या वेगाबद्दल व्याख्या मौन पाळते. तांब्याच्या तारेवरील जुन्या जोडण्यांत पाठविण्याचा वेग फारच कमी असे. फायबरमुळे ही स्थिती पुष्कळ सुधारली. पाठविण्याचा वेग १० मेगाबिट आणि एक पान २५० किलोबाइटचे असेल, तर सेकंदाला पाच पाने, म्हणजे दिवसाला ४ लाखांहून अधिक पाने पाठविता येतात. त्याच्या एक टक्का क्षमतेतही गावाच्या वाचनालयाची ग्रंथसूची किंवा लहान संस्थेचे संकेतस्थळ आरामात चालेल.

सुरक्षितता आणि कायदा

सार्वजनिक पत्त्यावर आलेला सर्व्हर काही मिनिटांतच स्वयंचलित घुसखोरीच्या प्रयत्नांना सामोरा जाऊ लागतो. त्यामुळे सॉफ्टवेअर नियमित अद्ययावत करणे, परवलीच्या शब्दाऐवजी कूट-किल्लीने प्रवेश देणे, अनावश्यक सेवा बंद ठेवणे आणि मजकुराची प्रत दुसऱ्या ठिकाणी राखणे, या चार गोष्टी अनिवार्य आहेत. सुरक्षेचे साहाय्य संपलेली कार्यप्रणाली तशीच ठेवून तिच्यावर सर्व्हर चालविणे सर्वांत धोक्याचे. असा संगणक ताब्यात घेऊन त्याद्वारे इतरांवर हल्ले केले जातात. म्हणजे एका घरातील निष्काळजीपणाचा खर्च दुसऱ्यांना सोसावा लागतो. अर्थशास्त्रातील नकारात्मक बाह्यतेचेच हे रूप होय.

कायद्याच्या दृष्टीने दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. स्वतःचा मजकूर प्रसिद्ध करणारा त्याबद्दल स्वतः उत्तरदायी असतो. इतरांचा मजकूर ठेवू देणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील मध्यस्थाविषयीच्या तरतुदी आणि त्यातील दक्षतेच्या अटी लागू होऊ शकतात. दुसरे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या डेटाच्या वापराला लागू होत नाही. कुटुंबाची छायाचित्रे घरच्या सर्व्हरवर ठेवणे या सवलतीत बसते. गृहनिर्माण संस्थेने सभासदांची यादी त्याच यंत्रावर ठेवली, तर ती बाब केवळ घरगुती राहत नाही.

वारणेचा अनुभव

जुन्या संगणकाचा उपयोग ठरविताना यंत्रापेक्षा गरजेचा विचार आधी करावा लागतो. यासंदर्भात बंगळुरू आणि महाराष्ट्र यांना जोडणारा एक प्रयोग उद्बोधक आहे. १९९८ मध्ये वारणा परिसरातील सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. गावोगावी संगणक केंद्रे उभारून ती वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याशी जोडण्यात आली. ऊस उत्पादकांना व्यापक माहिती मिळावी, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात वापर प्रामुख्याने ऊसतोडणी, वजन, खते आणि हिशेब यांपुरता राहिला. काही वर्षांत यंत्रे जुनी झाली आणि देखभालीचा भार वाढला.

त्यानंतर बंगळुरू येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक चाचणी घेतली. गावातील संगणकांच्या जागी मोबाईलवरील लघुसंदेश आणि केंद्रस्थानी संदेशांना उत्तर देणारा संगणक, अशी तिची रचना होती. पूर्वीच्या व्यवस्थेतील सर्व कामे या पद्धतीने पार पडली. ती कमी खर्चाची आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीची ठरली. कडेला अनेक संगणक ठेवण्यापेक्षा केंद्रात एक साधा सर्व्हर आणि लोकांच्या हाती आधीच असलेले फोन, ही जुळणी अधिक उपयुक्त ठरली.

घरगुती किंवा शालेय सर्व्हरला हाच नियम लागू पडतो. ज्या शाळेत इंटरनेट अनियमित आहे, तेथे जुन्या लॅपटॉपवर 'किविक्स' हे मुक्त सॉफ्टवेअर आणि मराठी विकिपीडियाची प्रत ठेवता येते. साध्या वाय-फाय राऊटरच्या मदतीने वर्गातील सर्व फोन किंवा टॅबलेटवर ती वाचता येते. त्यासाठी सार्वजनिक पत्ता लागत नाही, बाहेरून घुसखोरीची भीती फारशी राहत नाही आणि शाळेच्या वेळेपुरतेच यंत्र चालत असल्याने विजेचा खर्चही घटतो. जुन्या डेस्कटॉपचाही अशा मर्यादित वेळेच्या कामासाठी किफायतशीर उपयोग होऊ शकतो.

धोरणात्मक बाजू

'ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर २०२४' या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्क्यांवरच नोंद राहील अशा रीतीने प्रक्रिया झाली. भारतात ई-कचऱ्याविषयीचे स्वतंत्र नियम प्रथम २०११ मध्ये झाले व मे २०१२ पासून अमलात आले; २०१६ मध्ये ते बदलले. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या कक्षेतील वस्तूंची संख्या २१ वरून १०६ झाली आणि उत्पादकांचे पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट २०२३-२४ मधील ६० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ८० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले.

या नियमांत वस्तूचे नूतनीकरण करणाऱ्यांना स्वतंत्र घटक म्हणून स्थान मिळाले आहे. नूतनीकरणामुळे वस्तूचे आयुष्य वाढते आणि त्या प्रमाणात उत्पादकाची पुनर्चक्रणाची जबाबदारी पुढे ढकलता येते. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावरील पोर्टल सुरू केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि, घराच्या पातळीवर होणारा पुनर्वापर कोणत्याही नोंदीत येत नाही आणि एस. पी. रोडवरील कारागिरासारखे दुरुस्तीचे असंघटित कौशल्य औपचारिक व्यवस्थेच्या परिघावरच राहते. पुनर्चक्रणात तांबे, सोने यांसारखे धातू परत मिळतात; पण प्रोसेसर घडविताना खर्ची पडलेले श्रम, ऊर्जा आणि कौशल्य परत मिळत नाही. ते केवळ पुनर्वापरातूनच टिकते. म्हणून पुनर्वापराचा क्रम पुनर्चक्रणाच्या आधी लागतो.

या विवेचनातून तीन सूचना पुढे येतात. पहिली, ब्रॉडबँडच्या व्याख्येत पाठविण्याच्या किमान वेगाचाही समावेश व्हावा, जेणेकरून नागरिक केवळ ग्राहक न राहता माहितीचा पुरवठादारही होऊ शकेल. दुसरी, घरगुती जोडणीवर आयपीव्ही६ पत्ता स्थिर स्वरूपात मिळण्याची सोय माफक दरात व्हावी. तिसरी, शासकीय कार्यालये आणि सार्वजनिक उपक्रम यांनी बाद केलेले संगणक लिलावात देण्यापूर्वी त्यांतील माहिती कायमची पुसून, ते कमी वीज घेत असल्यास शाळा व वाचनालयांना देण्याचा विचार व्हावा. सरसकट सर्व जुनी यंत्रे शाळांच्या माथी मारणे म्हणजे कचरा आणि वीजबिल दोन्ही त्यांच्याकडे ढकलणे होय. म्हणून वीज-वापराची अट महत्त्वाची आहे.

समारोप

घरच्या सर्व्हरने मोठ्या डेटा केंद्रांची गरज संपणार नाही. अखंड सेवा, प्रचंड मागणी आणि आर्थिक व्यवहार यांसाठी ती केंद्रे आवश्यकच आहेत. परंतु जेथे मागणी मर्यादित, मजकूर स्थानिक आणि थोडा खंड सहन होण्याजोगा असतो, तेथे जुना लॅपटॉप हे काम समर्थपणे करू शकतो. तसे होण्यासाठी केवळ यंत्र चालू असणे पुरेसे नाही. खुले सॉफ्टवेअर, सार्वजनिक पत्ता, पाठविण्याचा पुरेसा वेग, योग्य दरातील वीज आणि दुरुस्तीचे कौशल्य या पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात. त्यांपैकी एकाचाही अभाव असेल, तर सुस्थितीतील यंत्र भंगारात जाते. जुन्या संगणकाचे मूल्य त्याच्या चिपमध्ये जितके असते, तितकेच ते त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेत असते, आणि ती व्यवस्था घडविणे हे सार्वजनिक धोरणाचे काम आहे.